ऑस्लोतली पहिली थंडी: आज धावायचं की स्की चढवायची?

नोकरीसाठी किंवा शिकायला ऑगस्टमध्ये ऑस्लोत आलेल्या माणसाला सप्टेंबर संपेपर्यंत सॉग्न्सवान तळ्याभोवतीची ३.३ किलोमीटरची फेरी अंगवळणी पडते. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, साडेचारच्या सुमारास सूर्य मावळायला लागतो आणि धावण्याचे बूट कपाटात जातात, ते थेट एप्रिलपर्यंत. स्की शिकायची इच्छा असते, पण "नीट हिम पडू दे, मग बघू" म्हणत नोव्हेंबर आणि डिसेंबर निघून जातात. जानेवारीत हिम येतं तेव्हा दम गेलेला असतो, पाय विसरलेले असतात आणि शेजारची पाच वर्षांची मुलगी सहज पुढे निघून जाते.

हा लेख त्या मधल्या दोन महिन्यांसाठी आहे. या काळात रोज पाऊस, चिखल, हिम, बर्फ यांपैकी काहीही समोर येऊ शकतं. (आकाशातून पडतं ते हिम आणि पाणी गोठून होतो तो बर्फ, असा फरक मी लेखभर पाळला आहे. पायाखाली काय आहे हे कळण्यासाठी तो लागतो.) "मंगळवारी धावणं, शनिवारी स्की" असं वेळापत्रक इथे टिकत नाही. बाहेर जाणं रोजचं ठेवा. धावायचं की स्की चढवायची हे त्या दिवशीच्या जमिनीला ठरवू द्या. जमीन कशी असेल हे घरबसल्या ओळखता येतं, म्हणून सुरुवात तिथून.

पायरी १: शून्य अंश वाचायला शिका

नॉर्वेची हवामान संस्था आणि एनआरके हे सार्वजनिक प्रसारण केंद्र मिळून 'यर' ही सेवा चालवतात. फोनवर तिचं ॲप घ्या. नवखा माणूस त्यात फक्त "आत्ता किती अंश" एवढंच बघतो. पण उणे ४ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. गेल्या चोवीस तासांत पारा शून्याच्या वर गेला होता का, त्या वेळी पाऊस झाला का, आणि मग तो खाली कधी आला, हे बघायला हवं.

दिवसभर अधिक ३ आणि पाऊस, संध्याकाळी आभाळ मोकळं, रात्री उणे ४: सकाळी प्रत्येक पायवाटेवर पारदर्शक बर्फाचा पातळ थर असणार. तो दिसत नाही, डांबर फक्त ओलं वाटतं. पावसाळ्यात रायगडाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून उतरलेल्या माणसाला या रस्त्याची कल्पना येईल, फक्त इथे हिरवा रंग सावध करायला नसतो. उलट तीन दिवस पारा उणे ३ ते उणे ८ मध्येच राहिला असेल, तर तो सगळ्यात सोपा काळ. हिम कोरडं असतं, बूट नीट पकड घेतात, कपडे भिजत नाहीत. माझ्या मते नवख्या माणसाला उणे ६ अंश अधिक १ पेक्षा कितीतरी सुखाचे असतात, आणि हे अनुभवाशिवाय कुणाला पटत नाही.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे अतिशीतित पाऊस. थेंब द्रवरूपात पडतात आणि जमिनीला टेकताच गोठतात. अंदाजात तो दिसला तर त्या वेळात बाहेर पडू नका. घरातल्या जिन्यावर वरखाली करा.

आता उंची. हवा ढवळलेली असेल तेव्हा दर शंभर मीटर चढावर तापमान साधारण ०.६ अंशांनी उतरतं. फ्रोग्नरसेतरेनचं मेट्रो स्टेशन समुद्रसपाटीपासून ४६९ मीटरवर आहे. म्हणजे खाली फ्योर्डच्या (जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या फाट्याच्या) काठी अधिक २ आणि पाऊस असेल, तेव्हा वर उणे १ आणि हिम असू शकतं. शहरात पाऊस बघून घरी बसणाऱ्याला याची गंधवार्ताही नसते. १ नंबरची मेट्रो पकडली की तासाच्या आत तुम्ही दुसऱ्या ऋतूत असता.

पण शांत, निरभ्र रात्री हेच गणित उलटतं. जड थंड हवा खोऱ्यात उतरून साचते. मारीडालेन आणि सोरकेडालेन ही खोरी तेव्हा टेकड्यांपेक्षा थंड असतात. म्हणून ॲपमध्ये एकाच शहराचा आकडा न पाहता सॉग्न्सवान, उंचावरचं त्रीवान आणि तुमचं घर अशी तीन ठिकाणं साठवून ठेवा. तिघांची तुलना केली की आज कुठे जायचं ते आपोआप कळतं.

वाऱ्याकडेही बघा. उणे ५ अंशांत सेकंदाला ५ मीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे ११ सारखं लागतं. उणे १० अंशांत १० मीटरचा वारा म्हणजे उणे २०. अशा दिवशी तळ्याकाठचा मोकळा रस्ता सोडून झाडीतली वाट धरा. परतीच्या वाटेवर घाम आलेला असतो, म्हणून जाताना वारा समोरून घ्या आणि येताना पाठीवर.

पायरी २: कपडे, पण घामाचा विचार करून

पुण्या-नाशिकची थंडी कोरडी. तिथे स्वेटर घातला की प्रश्न मिटतो. त्या सवयीने इथे माणसं धावायला निघताना जाड जॅकेट चढवतात, दहा मिनिटांत आतून भिजतात आणि थांबल्यावर कुडकुडतात. हालचाल करणाऱ्या माणसाला थंडीपेक्षा स्वतःचा घाम जास्त गारठवतो. दारातून बाहेर पडताना थोडं गार वाटलं पाहिजे. पहिल्याच मिनिटाला छान उबदार वाटलं, तर एक कपडा जास्त झाला आहे.

कातडीला लागून पातळ लोकरीचा सदरा आणि लांब चड्डी. मेरिनो लोकर टोचत नाही आणि ओली झाली तरी ऊब धरते. सुती बनियन मात्र घरीच ठेवा. सुती कापड पाणी शोषून अंगाला चिकटून राहतं. लोकरीवर वारा अडवणारं हलकं जॅकेट, शक्यतो पाठीकडून हवा खेळणारं. पाऱ्याने उणे ८ ओलांडले की दोन्हींच्या मध्ये आणखी एक पातळ लोकरीचा थर. तुरळक पावसात पूर्ण जलरोधक रेनकोट घालू नका, तो घामही आत कोंडतो.

पुरुषांना कुणी सहसा सांगत नाही ती गोष्ट: पुढून वारा अडवणारी चड्डी मिळते, ती घ्या. उताराला स्कीवर वारा समोरून लागतो तेव्हा साध्या चड्डीत होणारा त्रास खरा असतो.

हातांसाठी उणे ५ पर्यंत बोटांचे हातमोजे, त्याखाली चारही बोटं एकत्र राहणारे. कानटोपी पातळ. गळ्यात नळीसारखी गळपट्टी, जी नाकापर्यंत ओढता येते. पायमोजे लोकरीचे आणि एकच जोड. दोन जोड कोंबून बूट घट्ट झाले तर रक्त खेळत नाही आणि पाय जास्त गारठतात. पाठीवरच्या छोट्या पिशवीत कोरडा लोकरीचा सदरा आणि एक उबदार जॅकेट कायम असू द्या. थांबलात की जॅकेट अंगावर, मग बाकी सगळं.

पायरी ३: अंधारात धावणं

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य सकाळी सव्वानऊनंतर उगवतो आणि दुपारी सव्वातीनच्या आत मावळतो. नोकरी करणाऱ्याचं धावणं अंधारातच होणार. इथे रिफ्लेक्स, म्हणजे प्रकाश परतवणारे पट्टे, लहानथोर सगळे वापरतात आणि त्यात कुणाला संकोच वाटत नाही. 'त्रिग त्राफिक' या रस्तासुरक्षा संस्थेच्या आकड्यांप्रमाणे, गाडीचे दिवे खाली असताना चालकाला साधा माणूस २५ ते ३० मीटरवरून दिसतो आणि रिफ्लेक्स लावलेला सुमारे १४० मीटरवरून. पट्टे घोट्यांवर आणि मनगटांवर लावा. हलणारा पट्टा छातीवरच्या पट्ट्याआधी लक्षात येतो.

वाटांमध्ये 'लीसलॉइपे' शोधा, म्हणजे दिव्यांच्या वाटा. शहराच्या कडेने अशा बऱ्याच आहेत. हिम नसताना त्यांवर लोक धावतात आणि हिम आलं की त्याच स्कीच्या होतात. रात्री उशिरा दिवे बंद होतात, म्हणून डोक्याला लावायचा दिवा बरोबर असू द्या. जंगलात मूस (मोठं हरीण) दिसला तर थांबा, त्याला वाट द्या, जवळून फोटो काढायला जाऊ नका.

बर्फावर धावण्याचे दोन उपाय आहेत. एक, नेहमीच्या बुटांवर चढवायचे रबराचे खिळेदार पट्टे. त्यांना 'ब्रोडर' म्हणतात. स्वस्त असतात, खिशात मावतात, पहिल्या हिवाळ्याला पुरेसे. दुसरा, तळव्यातच टोकदार धातूचे खिळे असलेले बूट. आठवड्याला तीनदा धावणार असाल तर हेच घ्या. मात्र खिळे बर्फासाठी असतात; मेट्रो स्टेशनच्या गुळगुळीत दगडी फरशीवर तेच घसरतात. तिथे सावकाश चाला.

पावलं आखूड टाका. पाय शरीराच्या खाली पडला पाहिजे, पुढे नाही. वेग विसरा, घड्याळातला किलोमीटरचा आकडा या दिवसांत निरुपयोगी आहे, श्वासावरून जोर ठरवा. बोलता येईल इतकाच. आणि 'स्लाप्स', म्हणजे अर्धवट वितळलेल्या हिमाचा राडा, असेल तेव्हा पाय भिजणारच हे मान्य करा. जलरोधक बुटात वरून पाणी शिरलं की ते बाहेर जात नाही. साधा जाळीचा बूट आणि लोकरीचे मोजे यांनी पाय ओले राहतात, पण गरम राहतात.

पायरी ४: हिम येण्याआधी काठ्या हातात घ्या

नॉर्वेचे स्कीपटू शरद ऋतूत उघड्या जमिनीवर काठ्या घेऊन चढ चढतात. चालत चढण्याला 'शीगांग' म्हणतात आणि उड्या टाकत चढण्याला 'एल्गहुफ्स'. नवख्यांनी पहिलाच प्रकार करावा. क्लासिक, म्हणजे चालल्यासारखं पाय पुढेमागे नेण्याच्या पद्धतीच्या, स्की-काठ्यांपेक्षा थोड्या आखूड काठ्या घ्या. उजवा पाय पुढे तेव्हा डावी काठी पुढे, काठी पायाच्या रेषेत जमिनीत, आणि ढकल मागे पूर्ण होईपर्यंत. चार-पाच मिनिटांचा एखादा चढ शोधा, चार-सहा वेळा चढा, उतरताना चालत या. सिंहगड चढलेल्या माणसाच्या मांड्यांना हे जड जाणार नाही. दंड आणि पोट मात्र दुसऱ्या दिवशी बोलतील. पुढे स्कीवर याच स्नायूंचं काम असतं.

चाकांच्या स्की नवख्यांनी नोव्हेंबरात घेऊ नयेत. ओल्या पानांवर त्या थांबत नाहीत.

पायरी ५: स्की मिळवणं

पहिल्या हिवाळ्यात नवीन संच विकत घेऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. 'बुआ' नावाची उसनवारीची केंद्रं देशभर आहेत. तिथे खेळाचं साहित्य काही दिवसांसाठी फुकट मिळतं. शरद ऋतूत शाळा आणि क्लब जुन्या सामानाचे बाजार भरवतात, तेही बघा.

क्लासिक स्की घ्या. स्केटिंग पद्धतीची स्की वेगळी असते, ती पुढच्या वर्षासाठी. क्लासिकमध्ये तळव्याखाली पकड लागते आणि ती दोन प्रकारे मिळते: वॅक्स (तळाला लावायचं मेण) लावून, किंवा तळाला चिकटवलेल्या मोहेअरच्या (अंगोरा शेळीच्या लोकरीच्या) केसाळ पट्टीने. पट्टीवाल्या स्कीला इथे 'फेल्लेशी' म्हणतात. शून्याच्या आसपास लटकणाऱ्या नोव्हेंबर-डिसेंबरसाठी नवख्याने फेल्लेशीच घ्यावी. यात मला शंका नाही.

लांबी उंचीपेक्षा साधारण १५ ते २५ सेंटिमीटर जास्त, पण लांबीहून महत्त्वाचं तुमचं वजन. स्की मधोमध कमानीसारखी उचललेली असते. दोन्ही पायांवर उभं राहिल्यावर ती कमान टिकली पाहिजे, म्हणजे स्की घसरते. एका पायावर पूर्ण भार टाकल्यावर दबली पाहिजे, म्हणजे पकड मिळते. दुकानात सपाट फरशीवर उभं राहा आणि कुणाला तरी बुटाखालून कागद सरकवायला सांगा. दोन पायांवर कागद मोकळा हलावा, एका पायावर अडकावा. मित्राची स्की उंचीला बरोबर असली तरी तो तुमच्यापेक्षा वीस किलो जड असेल तर ती तुमच्यासाठी नाही.

काठी उंचीच्या सुमारे ८३ टक्के. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत क्लासिकसाठी हीच कमाल मर्यादा आहे. उंची १७० सेंटिमीटर असेल तर काठी साधारण १४० ची. बूट वेगळीकडून घेत असाल तर ते तुमच्या स्कीच्या बाइंडिंगमध्ये (बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीत) बसतात का, हे तिथेच लावून बघा. बूट पायाला आरामात हवेत, बोटं हलली पाहिजेत.

जुनी वॅक्स कुणी दिली आणि डबीवर फ्लोर असं लिहिलेलं असेल तर ती वापरू नका. फ्लोरीनयुक्त वॅक्स निसर्गात टिकून राहतात, आणि २०२३-२४ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने स्पर्धांत त्यांवर बंदी घातली आहे.

पायरी ६: पहिलं हिम कुठे असेल

नैसर्गिक हिमाआधी होल्मेनकोलेनला यंत्रांनी बनवलेल्या हिमाचा छोटा फेरा तयार होतो. तिथे गर्दी असते, हिम घट्ट असतं आणि उतार वेगवान. पहिला दिवस तिथे घालवायचा असेल तर सकाळची वेळ आणि सपाट भाग निवडा. त्यानंतर उंचावर, फ्रोग्नरसेतरेन-त्रीवानच्या बाजूला. मोकळा शनिवार-रविवार असेल आणि शहरात पाऊस असेल तर लिलेहामरजवळच्या शुशोएनला किंवा बाइतोस्तोलेनला जा. बाइतोस्तोलेनला नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय हंगामाची सुरुवात करणाऱ्या स्पर्धा भरतात, त्या तिथे हिम लवकर मिळतं म्हणूनच.

नॉर्डमार्काच्या जंगलातल्या वाटा 'शीफोरेनिंगेन' ही १८८३ मध्ये स्थापन झालेली संस्था आणि महापालिका यंत्रांनी तयार करतात. कोणती वाट किती तासांपूर्वी तयार केली हे नकाशावर दिसतं. ते बघितल्याशिवाय निघू नका. वापर मोफत आहे. संस्थेचं सभासदत्व ऐच्छिक आहे, पण हिवाळाभर या वाटा वापरणाऱ्याने ते घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीला हिमाचा थर पातळ असतो, खडी वर येते. म्हणून इथल्या घरांत जुन्या स्कीचा एक जोड राखून ठेवलेला असतो, 'स्टाइनशी', म्हणजे दगडांवर घासायला चालेल अशी. तुमची पहिली उसनी किंवा जुनी स्की नेमकी याच कामाची.

पायरी ७: पहिले दोन तास

सपाट जागा घ्या, जिथे यंत्राने दोन समांतर खाचा पाडल्या आहेत. काठ्या बाजूला ठेवा. होय, काठ्यांशिवाय. खाचेत उभं राहून नुसतं चाला, मग चालता चालता थोडं घसरू द्या. गुडघे मऊ, घोटे पुढे झुकलेले, नजर पंधरा-वीस मीटरवर. सगळी कला एका पायावर उभं राहण्यात आहे: पूर्ण वजन डाव्या स्कीवर, उजवी हवेत, मग उलट. काठ्या आधीच हातात असतील तर माणूस त्यांवर टेकतो आणि हा तोल कधी शिकत नाही.

अर्ध्या तासाने काठ्या घ्या. पट्ट्यात हात खालून वर घाला, मग पट्टा आणि मूठ एकत्र धरा. विरुद्ध हात-पाय, चढावर केलं तसंच. नंतर दोन्ही काठ्या एकदम टेकून पोटाने ढकलणं. सौम्य उतारावर हे पायांपेक्षा सोपं जातं.

थांबायला एक स्की खाचेतच ठेवा, दुसरी बाहेर काढून टाच बाहेर ढकला आणि आतली कड दाबा. हे सपाटीवर वीस वेळा केल्याशिवाय उताराला लागू नका. चढावर स्कीची टोकं बाहेर फाकवून पावलं टाकायची, मागे माशाच्या काट्यासारखी नक्षी उमटते. पडायची वेळ आली तर एका कुशीवर, बसल्यासारखं पडा. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या आणि समांतर करा, गुडघ्यावर या, मग उभे राहा.

उतार बर्फाळ आणि तीव्र वाटला तर स्की काढा, हातात घ्या आणि वाटेच्या कडेने चालत उतरा. त्यात काहीही कमीपणा नाही. डिसेंबरात अनुभवी लोकही हे करतात.

पायरी ८: पकड सुटली तर

फेल्लेशी असली तरी एक प्रश्न येतोच: अधिक-उणे १ मध्ये ताजं ओलं हिम पडत असेल तर पट्टीखाली त्याचे गोळे चिकटतात आणि स्कीखाली जणू उंच टाचा लागतात. निघण्याआधी पट्टीवर बर्फरोधक फवारा मारा, आणि वाटेत थांबून राहू नका. स्की सरकती राहिली की गोळे कमी धरतात.

वॅक्सची स्की मिळाली असेल तर रंगांचा क्रम लक्षात ठेवा. हिरवी कडक थंडीसाठी, मग निळी, जांभळी, आणि शून्याच्या वर लाल. स्विक्स कंपनीची 'ब्लू एक्स्ट्रा' उणे १ ते उणे ७ पर्यंत चालते. एकच डबी घ्यायची तर ती. वॅक्स टाचेच्या जागेपासून पुढे साधारण अर्धा मीटर, मधल्या भागातच लावायची. पातळ तीन-चार थर, प्रत्येक थर बुचाने घासून. पाय मागे घसरतोय? आणखी एक थर द्या, किंवा एक रंग वर जा. हिम चिकटतंय? खरवडून काढा आणि एक रंग खाली या.

हिम एकदा वितळून पुन्हा गोठलं की त्याचे दाणे काचेसारखे होतात आणि डबीतली वॅक्स टिकत नाही. तिथे ट्यूबमधला चिकट 'क्लिस्टर' लागतो. तो हातांना, कपड्यांना, गाडीच्या सीटला, सगळीकडे लागतो. पहिल्या वर्षी अशा दिवशी स्की ठेवून द्या आणि खिळ्यांचे बूट घाला. धावायला असा दिवस उत्तम असतो.

पायरी ९: वाटेचे नियम आणि तळी

यंत्राने केलेल्या स्कीच्या वाटेवर पायी धावू नये. पावलांचे खड्डे रात्री गोठतात आणि सकाळी कुणाचा तरी पाय मुरगळतो. हिम आलं की धावण्यासाठी खडी टाकलेले रस्ते वापरा. स्कीवर असताना उजवीकडे राहा, उतरणाऱ्याला वाट द्या, थांबायचं तर खाचेबाहेर या.

जंगलात झाडांवर निळ्या खुणा असतात त्या उन्हाळी पायवाटा, आणि लाल खुणांच्या वाटा स्कीच्या. लाल वाटा दलदलींतून आणि तळ्यांवरून जातात, कारण त्या गोठल्यावर वापरायच्या असतात. नोव्हेंबरात लाल खुणेमागे धावलात तर गुडघाभर चिखलात शिराल, किंवा त्याहून वाईट, पातळ बर्फावर याल. सुरुवातीच्या हिवाळ्यात फक्त निळं.

तळ्यावर पाय ठेवण्याआधी किमान १० सेंटिमीटर घट्ट, पारदर्शक बर्फ असायला हवा. वरून हिम पडलेलं असेल तर खाली बर्फ सावकाश जाड होतो, कारण हिम पांघरुणाचं काम करतं. ओढे जिथे मिळतात आणि जिथून पाणी बाहेर पडतं तिथे तो नेहमी कच्चा. दुसऱ्याच्या पावलांचे ठसे हा पुरावा धरू नका. डिसेंबरात तळ्याला वळसा घालून जाणंच योग्य.

पायरी १०: शरीर, खाणं, मदत

थंड कोरड्या हवेत जोरात श्वास घेतला की काहींना खोकला किंवा छातीत शिट्टीसारखा आवाज येतो. पहिली दहा मिनिटं सावकाश जा आणि गळपट्टी तोंडावर ठेवा. दमा असेल तर हंगामाआधी डॉक्टरांशी बोला. मोठ्या स्पर्धासुद्धा उणे २० च्या खाली घेतल्या जात नाहीत. नवख्याने उणे १५ ला घरी थांबावं.

सोबत्याच्या गालावर किंवा नाकाच्या शेंड्यावर मेणासारखा पांढरा डाग दिसला तर लगेच सांगा. उबदार तळहात त्यावर ठेवा, चोळू नका, हिम तर मुळीच लावू नका.

सॉग्न्सवानहून उल्लेवोलसेतरला, पाच-सहा किलोमीटर जंगलात, गरम खायला मिळतं. तरी पिशवीत स्वतःचं असू द्या. थर्मासात गरम काहीतरी, आणि खजूर-दाण्याचे लाडू. ते गारठ्यातही चावता येतात, चिक्की दगड होते. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी प्यायचं राहतं, हे लक्षात ठेवा.

फोन आतल्या खिशात, अंगाजवळ. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. आणि नंबर पाठ करा: रुग्णवाहिका ११३, आग ११०, पोलीस ११२. भारतातून आलेल्या माणसाचं बोट सगळ्यासाठी ११२ कडे जातं. इथे तो पोलिसांचा. 'येल्प ११३' हे ॲप कॉल करतानाच तुमची जागा कळवतं, ते घेऊन ठेवा. कुठे चाललोय आणि कधी परतणार, हे घरी किंवा मित्राला सांगूनच निघा.

सगळं एकत्र करून एक आठवडा

समजा सोमवारी अधिक ४ आणि पाऊस: दिव्यांच्या वाटेवर साधं धावणं, जाळीचे बूट. मंगळवारी रात्री आभाळ मोकळं होऊन उणे ३: बुधवारी सकाळी सगळीकडे काच, म्हणून खिळ्यांचे बूट आणि आखूड पावलं, किंवा काठ्या घेऊन मातीचा चढ. गुरुवारी खाली अधिक १, वर हिम पडतंय: आज विश्रांती, कारण वाटा अजून तयार नाहीत. शुक्रवारी पारा उणे ४ वर आला आणि संध्याकाळी नकाशावर त्रीवानची वाट ताजी दिसतेय: शनिवारी पहाटेची मेट्रो, फेल्लेशी, दोन तास. रविवारी पुन्हा अधिक २ आणि वारा: तासभर झाडीतून चालणं. स्की फक्त एक दिवस झाली, पण बाहेर पडण्याची सवय आठवडाभर टिकली.

घरी आल्यावर

दारातच ओले कपडे काढा, अंघोळ नंतर. बुटांतले तळवे उपसा आणि आत वर्तमानपत्राचे गोळे भरा. रेडिएटरवर बूट ठेवले तर गोंद सुटतो. फेल्लेशीची पट्टी फडक्याने पुसून खोलीच्या तापमानाला उभी वाळवा, आणि तिच्यावर वॅक्सचा हात लागू देऊ नका. दोन स्की तळाला तळ लावून बांधताना मध्ये कापडाची पट्टी घाला. डोक्याचा दिवा लगेच चार्जिंगला लावा. लोकरीचे सदरे रोज धुवावे लागत नाहीत, रात्रभर बाल्कनीत टांगले की वास जातो.